कॅन्सरसाठी धावलेला रुपया

थंडी पडू लागली की नगरची रविवार सकाळ बदलते. वाडिया पार्क असो, सावेडीतले रस्ते असोत की चांदबिबी महालाचा चढ, उजाडायच्या आत माणसं जमलेली दिसतात. अंगात एकसारखे टी-शर्ट, छातीवर पिनांनी टाचलेला क्रमांक. झेंडा दाखवला जातो, दहा किलोमीटरवाले धावत सुटतात, तीनवाले गप्पा मारत चालू लागतात, आणि ऊन चढायच्या आत सगळे केळी-पोह्यांपाशी परत येतात. बॅनरवर कधी हृदयाचं आरोग्य असतं, कधी पर्यावरण, तर कधी कॅन्सर. जिल्ह्याच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर आलं आहे, बोलताना अजून नगरच तोंडात बसलेलं आहे. पण दौडींचा हंगाम शहरात चांगलाच रुजला आहे, याबद्दल कुणाचं दुमत नसावं.

या दौडींबद्दल मला मनापासून आस्था आहे. शहरातली पाच-सातशे माणसं एका आजाराचं नाव उघडपणे घेत रस्त्यावर उतरतात, हे आपल्याकडे लहान काम नव्हे. अजूनही कित्येक घरांत हा आजार ‘गाठ’, ‘तसलं काहीतरी’ असल्या शब्दांआड दडवला जातो. पण आस्था आहे म्हणूनच विचारावंसं वाटतं: नोंदणीला भरलेल्या पाचशे रुपयांतले किती कॅन्सरपर्यंत पोचतात, आणि पोचतात ते कशाला लागतात?

कॅन्सरच्या नावानं जमलेला पैसा तीन वेगवेगळ्या कामांना जाऊ शकतो. एक जनजागृती: पत्रकं, व्याख्यानं, तपासणी शिबिरं. दुसरं रुग्णाला मदत: औषधं, राहण्याची सोय, गाडीभाडं. तिसरं संशोधन. पहिल्या दोन कामांचं फळ डोळ्यांसमोर दिसतं, फोटो काढता येतो, म्हणून देणगीदाराचा हात तिकडे आधी वळतो. संशोधनाचं फळ दहा-वीस वर्षांनी हाती येतं आणि ते ज्याच्या पदरात पडतं त्याला देणाऱ्याचं नावही ठाऊक नसतं. पैसा गोळा करायची ही चालण्या-धावण्याची रीत जगभर पसरण्यात मात्र याच तिसऱ्या कामासाठी धावलेल्या एका मुलाचा मोठा वाटा आहे.

कॅनडाचा टेरी फॉक्स १९७७ साली अठरा वर्षांचा होता. गुडघ्यापाशी हाडाचा कॅन्सर निघाला आणि उजवा पाय मांडीतून कापावा लागला. वाचण्याची शक्यता निम्मी आहे, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं. दोनच वर्षांपूर्वी तोच आकडा शंभरात पंधरा होता, हेही त्याच्या कानावर आलं. मधल्या काळात रोग सौम्य झाला नव्हता, उपचार बदलले होते. म्हणजे कुठल्या तरी प्रयोगशाळेत, कुणाच्या तरी पैशावर झालेल्या कामानं त्याचं आयुष्य वाढवलं होतं. हा हिशेब त्याच्या मनात पक्का बसला. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्सच्या किनाऱ्यावर अटलांटिकमध्ये कृत्रिम पाय बुडवून तो पश्चिमेकडे निघाला. रोज साधारण एक मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटर. कृत्रिम पाय टेकला की चांगल्या पायावर एक जादा उडी, पुन्हा कृत्रिम पाय. मित्र मागून व्हॅन चालवत होता. सुरुवातीला कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग जेमतेम दहा हजार वस्तीच्या एका गावानं दहा हजार डॉलर जमवून दिले आणि त्याला मागणं सुचलं: प्रत्येक कॅनेडियन माणसानं एक डॉलर द्यावा.

१४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं. कॅन्सर फुप्फुसात उतरला होता. १९८१च्या फेब्रुवारीत निधी दोन कोटी एक्केचाळीस लाख डॉलरवर गेला, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतका. २८ जून १९८१ला टेरी गेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या नावाची पहिली दौड निघाली. या दौडीत स्पर्धा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, कंपन्यांच्या जाहिराती मिरवायच्या नाहीत, हे त्याचेच आग्रह. मुंबईतही टेरी फॉक्स रन भरत आली आहे आणि तिचा निधी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या संशोधनासाठी दिला जातो.

पुढे या रीतीच्या अनेक शाखा फुटल्या. अमेरिकेत १९८३ साली डॅलसमध्ये स्तनांच्या कॅन्सरसाठी पहिली ‘रेस फॉर द क्युअर’ झाली. १९८५च्या मे महिन्यात टाकोमातले सर्जन गॉर्डी क्लॅट एका मैदानाला चोवीस तास फेऱ्या मारत राहिले आणि त्यातून ‘रिले फॉर लाइफ’ उभी राहिली. आपल्याकडे २००४ पासून मुंबई मॅरेथॉन आहे. तिथे कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थांसकट शेकडो संस्थांसाठी पैसा उभा राहतो. २०१२ साली मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी बायकांसाठी पिंकॅथॉन सुरू केली. तिचा भर पैशापेक्षा जागृतीवर, आणि साडी नेसून, नऊवारीत, लेकराला कडेवर घेऊन धावणाऱ्या बायका तिच्यात दिसू लागल्या.

आता पैशाचं गणित. आपल्या भागातल्या बहुतेक दौडी नोंदणी शुल्कावर चालतात. समजा पाचशे रुपये घेतले, तर त्यातून टी-शर्ट, पदक, वेळ मोजणारी चिप, पाणी, नाश्ता, मंडप, ध्वनिक्षेपक, रुग्णवाहिका यांची बिलं आधी भागतात. प्रायोजक भक्कम मिळाला नाही तर शेवटी हाती उरतं ते थोडं, कधीकधी काहीच नाही. यात कुणाची लबाडी असलीच पाहिजे असं नाही. कार्यक्रमाचा खर्चच तसा असतो. टेरीची पद्धत निराळी होती आणि मोठ्या मॅरेथॉनमध्येही खरा निधी त्याच वाटेनं येतो. धावणारा आपल्या ओळखीच्यांकडे जातो: मी एकवीस किलोमीटर धावणार आहे, या कामासाठी तू किती देतोस? शुल्कातून कार्यक्रम भागतो आणि मागून आणलेला पैसा संस्थेला जातो. वर्गणी मागायची लाज आपल्याला कधी नव्हती; गणपतीची, सप्ताहाची, शाळेच्या खोल्यांची वर्गणी आपण हक्कानं मागत आलो. दौडीत मात्र आपण शुल्क भरतो, पदक गळ्यात घालतो आणि काम झालं असं समजतो.

कराचा मुद्दा इथेच उरकतो. शुल्काच्या बदल्यात टी-शर्ट आणि पदक घेतलं, तर ती देणगी ठरेलच असं नाही. देणगी वेगळी द्यावी, पावती संस्थेच्या नावाची घ्यावी, आणि दोन हजारांवरची रक्कम रोखीनं देऊ नये, कारण तिला देणगीची करसवलत मिळत नाही.

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट, सूक्ष्मदर्शक आणि परदेश येतो. नगरच्या माणसाला ते फार लांबचं वाटतं. प्रत्यक्षात कॅन्सरविषयीचं जगानं दखल घेतलेलं काम आपल्या जिल्ह्याच्या वेशीला लागून झालेलं आहे. जामखेडहून खर्ड्यावरून भूमकडे निघालं की आपण धाराशिव जिल्ह्यात शिरतो, आणि तिथून पुढे सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. टेरी गेला त्याच्या जवळपास दोन महिने आधी, ३ मे १९८१ रोजी, अभिनेत्री नर्गिस कॅन्सरनं गेल्या. त्यांच्या नावाचं रुग्णालय १९८२ साली बार्शीत उभं राहिलं. मुंबई-पुण्यात नव्हे, तूर-ज्वारीच्या पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावी.

१९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही सुरू झाली. शहरातली नोंदवही (मुंबईची १९६३ पासूनची, देशातली पहिली) रुग्णालयांच्या कागदांवरून भरता येते. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येतच नव्हता, तर कागद कुठून येणार? म्हणून बार्शीच्या लोकांनी उलट वाट धरली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते वर्षातून पुन्हा पुन्हा जाऊ लागले. पारावर, शाळेत, देवळात माणसं जमवायची. न भरणारी जखम, पाळी गेल्यावर पुन्हा सुरू झालेला रक्तस्राव, गिळताना अडकणारा घास, छातीतली गाठ, असली लक्षणं सांगायची. कुणाला तसं काही असेल तर त्याला सोबत घेऊन बार्शीला आणायचं. मोजणीसाठी सुरू झालेल्या या फेऱ्यांचा एक परिणाम काही वर्षांत आकड्यांतच दिसला. पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. नुसत्या बोलण्यानं आणि जाण्या-येण्यानं हे झालं, आणि ते १९९५ साली शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं.

त्याच भरवशावर १९९९ साली मोठा प्रयोग हाती घेतला गेला. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था एकत्र आल्या. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. सगळ्यांना चार भागांत विभागलं. एका भागाला हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर ही पेशींची तपासणी, तिसऱ्याला व्हिनेगरची तपासणी, आणि चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. प्रश्न साधा होता: खेड्यातल्या बाईची आयुष्यात एकदाच तपासणी करता येणार असेल, तर कुठल्या तपासणीनं जीव वाचतो?

व्हिनेगरची तपासणी कशी होते ते बघण्यासारखं आहे, कारण ती आज आपल्या आरोग्य केंद्रांतही व्हावी अशी सरकारी योजना आहे. बाई टेबलावर आडवी होते. परिचारिका स्पेक्युलम लावून गर्भाशयाचं तोंड नजरेसमोर आणते, विजेरीचा उजेड पाडते, आणि सौम्य अॅसेटिक अॅसिडमध्ये, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लात, बुडवलेला कापसाचा बोळा तिथे टेकवते. मग एक मिनिट थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बिघडू लागलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो, कडा स्पष्ट दिसतात. प्रयोगशाळा नको, रिपोर्टची वाट नको; बाई टेबलावरून उठायच्या आत उत्तर मिळतं. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलनं याच तपासणीचा स्वतंत्र अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून तपासणीला लावलं, आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असं २०१३ साली जाहीर झालं.

उस्मानाबादच्या प्रयोगाचं उत्तर २००९ साली आलं. एचपीव्ही चाचणी झालेल्या भागात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, नुसत्या नेहमीच्या सेवेवर असलेल्या भागात ६४. एकदाच केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जागतिक आरोग्य संघटना आज तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते, आणि त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या बायकांचा वाटा आहे. त्या चौसष्ट जणींचा विचार मात्र मनातून जात नाही. चौथ्या भागाला तपासणी न देणं न्याय्य होतं का, यावर पुढे कडक टीका झाली आणि ती रास्त आहे, असं मला वाटतं. संशोधनासाठी पैसा देणाऱ्यानं हाही प्रश्न विचारायला हवा, कारण ज्यांच्या अंगावर उत्तर शोधलं जातं त्या बायका गरीब असतात आणि उत्तर छापणारे बहुधा नसतात.

लसीच्या बाबतीतही बार्शी आहेच. एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी २००९ साली देशातल्या काही केंद्रांवर अभ्यास सुरू झाला. बार्शी त्यातलं एक. २०१० साली दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला, सरकारनं लसीचे सगळे अभ्यास थांबवले, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. एका डोसनंही मुख्य विषाणूंपासून जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळतं, हे २०२१ साली समोर आलं. एका डोसनं भागतं म्हणजे त्याच पैशात दुप्पट-तिप्पट मुलींना लस.

असले प्रश्न औषध कंपनी स्वतःहून विचारणार नाही. कमी डोस पुरतो का, स्वस्त औषध चालतं का, हे शोधण्यात तिचा फायदा नाही. टाटा मेमोरियलच्या दोन अभ्यासांवरून हे नीट कळतं. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत एक बदल करून पाहिला. दात काढताना जे सुन्न करायचं औषध देतात तेच, लिग्नोकेन, गाठीच्या भोवती टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं आणि मग गाठ काढायची. बाकी सगळं नेहमीसारखं. सोळाशेच्या आसपास रुग्ण, अकरा केंद्रं, दशकभराचं काम. पाच वर्षांनी हयात असलेल्या बायकांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्या आतबाहेर. दुसरा अभ्यास तोंडाच्या आणि घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचा, म्हणजे आपल्याकडच्या तंबाखू-मावा-गुटख्याच्या रुग्णांचा. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध पूर्ण मात्रेत सामान्य घराला परवडत नाही. नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी २० मिलिग्रॅम, तेही तीन आठवड्यांतून एकदा, देऊन पाहिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. अशा कामाला सरकारी पैसा लागतो, विश्वस्त संस्थांचा लागतो, आणि लोकांनी धावून-चालून जमवलेला पैसा इथे शोभतो, कारण त्याला नफ्याची अट नसते.

नगर जिल्ह्याला या सगळ्याची जमीन नवी नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि अक्षरशत्रू बायकांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. लोणीला प्रवरेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगरात विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं. शिकलेले हात आहेत, गावोगाव ओळखीच्या बायका आहेत. नाही ती तपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी कधीही तपासणी झालेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत. या कॅन्सरनं भारतात वर्षाला ८० हजारांच्या घरात बायका जातात, असा ग्लोबोकॅनचा २०२२चा अंदाज आहे.

आणि तपासणी नसली की भीतीचा धंदा होतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून ऊसतोडीला कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, जातात, शेजारच्या बीडमधून त्याहून कितीतरी जास्त. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना ‘पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं होतं. अनेकींचं वय पस्तिशीच्या आतलं, खर्चासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फेडायला पुन्हा फडात. साध्या चाचणीनं ज्या भीतीचं उत्तर मिळालं असतं, तिच्यापोटी अवयव गेला.

म्हणून नगरमध्ये कॅन्सरसाठी दौड ठरली की आयोजकांना तीन गोष्टी आधीच विचाराव्यात, अर्ज भरतानाच. पैसा कुठल्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाणार? जागृती, उपचार आणि संशोधन यांत तो कसा वाटणार? खर्च वजा जाता उरलेली रक्कम केव्हा आणि कुठे जाहीर करणार? चांगला आयोजक या प्रश्नांनी दुखावला जात नाही. उलट पुढच्या वर्षी त्याला मागायला सोपं जातं. टाटा मेमोरियलसारख्या संस्थेला देणगी देताना ती संशोधनासाठी आहे, असं पत्रात स्पष्ट लिहून द्यावं.

दुसरं, संशोधनाचा प्रश्नही इथूनच निघावा. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो. पडद्यामागे जाऊन, कुणासमोर आडवं न होता. सहा महिने गावी आणि सहा महिने कारखान्याच्या तळावर राहणाऱ्या बाईपर्यंत ही चाचणी कशी न्यायची, तिचा रिपोर्ट तिच्या मागोमाग सांगली-कोल्हापूरपर्यंत कसा पोचवायचा, दोष निघाला तर उपचार कुठल्या गावी करायचा, हे कुणीतरी नीट अभ्यासून लिहायला हवं. याला कोट्यवधी लागत नाहीत. चाचण्यांचे संच, दोन-तीन कार्यकर्त्यांचं मानधन, गाडीचं डिझेल आणि फोनचा खर्च लागतो. हा खर्च नगरच्या एक-दोन दौडींना झेपण्यासारखा आहे.

तारीख मात्र बदलावी लागेल. थंडीतल्या दौडी धावणाऱ्यांच्या सोयीच्या, पण तोवर पाथर्डी-जामखेडच्या वाड्या-तांड्यांवर म्हातारीकोतारी आणि पोरंच मागे उरलेली असतात. कोयते दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. त्यामुळे चालायचं असेल तर सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी, पाऊस पडत असला तरी, आणि नगरात नव्हे तर जामखेड-खर्डा रस्त्यावर. म्हणजे दौडीच्या मागोमाग तपासणीची गाडी वाडीवर जाईल तेव्हा बाई घरी असेल.